पिट्सबर्ग : तीन नद्यांचं आणि कष्टकरी आयांचं शहर



विमानतळावरून शहराकडे येताना फोर्ट पिट बोगदा लागतो. तोपर्यंत दोन्ही बाजूंना टेकड्या आणि झाडी यांखेरीज काही दिसत नाही. बोगदा संपतो तो थेट पुलावर, आणि पिवळे पूल, उंच इमारती, खाली वाहणारं पाणी असं अख्खं शहर एकदम समोर उभं राहतं. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला आम्ही आग्रहानं पुढच्या सीटवर बसवतो ते याचसाठी.

इथे ॲलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या एकत्र येतात आणि पुढे ओहायो नदी म्हणून वाहू लागतात. माझं माहेर कराडचं. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर लहानाची मोठी झाल्यामुळे इथला संगम पाहिल्यावर मला या शहराशी लगेच नातं सांगावंसं वाटलं. या मोक्याच्या जागेसाठी फ्रेंच आणि इंग्रज भांडले. १७५८ मध्ये इंग्रजांनी ती घेतली आणि आपला मुत्सद्दी विल्यम पिट याचं नाव दिलं. संगमावर आता ‘पॉइंट’ नावाचं सुंदर उद्यान आहे. शहरात ४४६ पूल आहेत असं इथले लोक अभिमानानं सांगतात. टेकड्यांवरच्या वस्त्यांना जोडणारे शेकडो सार्वजनिक जिनेही आहेत. नकाशावर रस्ता म्हणून दाखवलेली गल्ली प्रत्यक्षात जिना निघते, हा अनुभव तुम्हालाही येईल.

पिट्सबर्गची ओळख नेहमी पोलाद, कोळसा आणि उद्योगपतींपासून सुरू होते. मला ती इथे बाहेरून आलेल्या आयांपासून करून द्यायची आहे. कारण हे शहर मला कळलं ते मुलाचं बोट धरून, आणि परक्या देशातून आलेल्या बाईला वाढायला इथे जागा आहे, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

मार्गारेट आणि यूलिया

१८४८ साली स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिन गावातून एक विणकर कुटुंब इथे आलं. यंत्रमाग आले आणि हातमागाचं काम बुडालं होतं. प्रवासाला पैसे कमी पडले, तेव्हा मैत्रिणीकडून २० पौंड उसने आणले ते घरच्या बाईनं, मार्गारेट कार्नेगीनं. इथे आल्यावर तिनं शेजारच्या फिप्स नावाच्या चांभाराकडून बूट शिवायचं काम घेतलं. मध्यरात्रीपर्यंत ती शिवत बसे, धाकटा टॉम तिच्या पायाशी बसून सुईत दोरा ओवून देई, आणि आठवड्याला चार डॉलर हाती येत. मोठा मुलगा अँड्र्यू बाराव्या-तेराव्या वर्षी सूतगिरणीत लागला. त्याचा आठवड्याचा पगार होता एक डॉलर वीस सेंट.

हा अँड्र्यू कार्नेगी पुढे पोलादसम्राट झाला. त्याच्या नावावर त्याच्या होमस्टेड कारखान्यातला १८९२ चा संपही आहे. त्या संपात कामगारांवर गोळ्या चालल्या, माणसं मेली. हा इतिहास इथलं कुणी लपवत नाही. पण लहानपणी कर्नल अँडरसन नावाच्या गृहस्थानं आपला पुस्तकसंग्रह कामकरी पोरांना खुला केला होता, हे कार्नेगी विसरला नाही. त्यानं जगभर अडीच हजारांवर ग्रंथालयं उभी केली. ओकलंड भागातलं मुख्य ग्रंथालय १८९५ चं आहे. त्याच्या दारावर दगडात ‘फ्री टू द पीपल’ असं कोरलेलं आहे आणि ते आजही अक्षरशः खरं आहे. त्या शेजारच्या चांभाराचा मुलगा हेन्री फिप्स कार्नेगीचा भागीदार झाला. १८९३ मध्ये त्यानं शहराला काचेचं भव्य उद्यानगृह भेट दिलं, तेच आजचं फिप्स कन्झर्व्हेटरी.

दुसरी आई यूलिया वारहोला. आजच्या स्लोव्हाकियातल्या मिकोवा या खेड्यातली. नवरा पोटासाठी पुढे आला, मागून महायुद्ध झालं, आणि ती कित्येक वर्षं गावीच अडकली. या ताटातुटीत तिची पहिली मुलगी गेली. १९२१ मध्ये ती पिट्सबर्गला पोहोचली. टिनच्या डब्यांची आणि कागदाची फुलं करून ती दारोदार विकायची. धाकटा मुलगा आजारपणात अंथरुणाला खिळला, तेव्हा तिनं त्याला रंग आणि चित्रांची पुस्तकं दिली. कार्नेगी संग्रहालयात शनिवारी मुलांसाठी चित्रकलेचे मोफत वर्ग चालत, तिथे तो जाऊ लागला. तोच अँडी वॉरहॉल. तो न्यूयॉर्कला गेल्यावर पुढे आईही त्याच्याकडे राहायला गेली आणि त्यानं आपल्या चित्रांवर तिच्या वळणदार हस्ताक्षरातली अक्षरं वापरली. त्याचं संग्रहालय नदीपलीकडे नॉर्थ शोअरवर आहे. तिथे जाल तेव्हा यूलियाच्या हातचं काम जरूर शोधा.

दंड पुढे करणारी मुलं

प्रत्येक आईचा जीव ज्यानं हलका केला, ते कामही याच शहरात झालं. जोनास साल्क यांनी पोलिओची लस पिट्सबर्ग विद्यापीठात तयार केली. २३ फेब्रुवारी १९५४ रोजी लॉरेन्सव्हिल भागातल्या आर्सेनल शाळेत मुलांना सामूहिक चाचणीसाठी टोचायला सुरुवात झाली. लस सुरक्षित आणि गुणकारी असल्याचं जाहीर झालं ते पुढच्या वर्षी, १२ एप्रिल १९५५ ला. ज्या आईबापांनी त्याआधी संमतीपत्रावर सही केली, त्यांच्या धैर्याचं मला फार मोल वाटतं. महाराष्ट्रातली माझी पिढी पोलिओचे डोस घेत वाढली. त्या रस्त्याचं पहिलं पाऊल इथे पडलं आहे.

त्याच १९५४ मध्ये इथल्या डब्ल्यूक्यूईडी या लोकवर्गणीवर चालणाऱ्या दूरचित्रवाणी केंद्राचं प्रक्षेपण सुरू झालं. मुलांशी अतिशय संथ, अदबशीर स्वरात बोलणारे मिस्टर रॉजर्स याच केंद्रातून घराघरांत पोहोचले. त्यांची मालिका १९६८ ते २००१ अशी चालली. माझ्या मुलाबरोबर तिचे जुने भाग पाहताना माझा कान इथल्या इंग्रजीला सरावला, आणि रागावलेल्या मुलाशी कसं बोलावं हेही मी त्यांच्याकडूनच शिकले.

आपली माणसं

१९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर भारतीय इंजिनिअर आणि डॉक्टर इथे येऊ लागले. वेस्टिंगहाउससारख्या कंपन्या, रुग्णालयं आणि विद्यापीठं ही त्यांची ठिकाणं. मनरोव्हिल आणि पेन हिल्स ही पूर्वेकडची उपनगरं तेव्हापासून आपल्या माणसांची. पेन हिल्सच्या टेकडीवरचं श्री वेंकटेश्वर मंदिर १९७६ चं. अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या हिंदू मंदिरांत त्याची गणना होते आणि दूरदूरच्या राज्यांतून भाविक येतात. मनरोव्हिलला हिंदू-जैन मंदिर आहे. त्या पहिल्या पिढीतल्या काकू आम्हाला जुन्या गोष्टी सांगतात : कढीपत्ता मिळायचा नाही, पुरणासाठी वेगळी डाळ वापरावी लागायची, आणि पत्राचं उत्तर यायला महिना जायचा. आमच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू घेऊन दारात उभ्या राहिल्या त्या याच काकू.

पुढे ऐंशीच्या दशकात पोलादाचे कारखाने बंद पडत गेले. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या ६ लाख ७६ हजार होती, २०२० मध्ये ती ३ लाख ३ हजारांवर आली. होमस्टेडचा अजस्र कारखाना १९८६ मध्ये थांबला. आज त्या जागी दुकानं आहेत आणि जुन्या विटांच्या धुराड्यांची एक रांग मुद्दाम राखली आहे. शहर सावरलं ते विद्यापीठं, रुग्णालयं आणि संगणकाच्या जोरावर. आमची पिढी या दुसऱ्या पिट्सबर्गमध्ये आली.

माझी शाळा

मी आले ती नवऱ्याच्या व्हिसावर, कडेवर मूल घेऊन. पुण्यात हिशेबनिसाची नोकरी केलेली. इथे मात्र काम करायला परवानगी नव्हती. सकाळी दार बंद झालं की दिवसभर घरात मी आणि मूल. बाहेर बर्फ आणि ढगाळ आकाश, आणि आपल्याकडे सगळे झोपलेले.

ही कोंडी फोडली ती ग्रंथालयानं. लहान मुलांच्या गोष्टींच्या तासाला जायला पैसे लागत नव्हते, कुणी व्हिसा विचारत नव्हतं. तिथे भेटलेल्या नेपाळी, चिनी आणि सोमाली आया माझ्या पहिल्या मैत्रिणी. मग प्रौढांसाठीचे इंग्रजी संभाषणाचे मोफत वर्ग सापडले. मग बस आणि बसनंतर गाडी. पेनसिल्व्हेनियाच्या परीक्षेत पॅरलल पार्किंग करून दाखवावं लागतं आणि या शहरात सराव करायचा तो चढावरच. लायसन्स हातात आलं त्या दिवशी मुलाला मागे बसवून मी नदीकाठानं नुसती फिरले. कुणावर अवलंबून न राहता कुठेही जाता येणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं.

मे २०१५ पासून ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या काही एच-१बी व्हिसाधारकांच्या जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला. त्यात माझाही नंबर लागला. तोपर्यंत कम्युनिटी कॉलेजमधून इथल्या हिशेबपद्धतीचे कोर्स करून ठेवले होते. आज मी एका लहान संस्थेचे हिशेब पाहते आणि रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या शाळेत शिकवते. आमच्या मंडळातल्या कितीतरी जणींची कहाणी थोड्याफार फरकानं हीच आहे. त्या रिकाम्या वर्षांत आमच्यातलं शिकणं जिवंत ठेवलं ते या शहराच्या उघड्या दारांनी, आणि त्याबद्दल मी कायम कृतज्ञ राहीन.

काय पाहाल?

आई-वडील बरोबर असतील तर मोनोंगाहेला (१८७०) किंवा ड्यूकेन (१८७७) इनक्लाइनच्या डब्यात बसून माउंट वॉशिंग्टनवर जा. गुडघ्यांना त्रास नाही आणि वरून तिन्ही नद्या दिसतात. नंतर फिप्समधली ऑर्किड्स. माझ्या सासूबाई तिथून निघायलाच तयार नव्हत्या!

ओकलंडमध्ये ४२ मजली कॅथीड्रल ऑफ लर्निंग चुकवू नका. मंदीच्या आगेमागे ही इमारत उभी राहिली, तेव्हा शाळकरी मुलांनी दहा-दहा सेंट देऊन हातभार लावला. आत देशोदेशींच्या वर्गखोल्या आहेत. नालंदेच्या धर्तीवरची, विटांच्या खांबांची भारतीय खोली २००० मध्ये खुली झाली. ती इथल्या भारतीयांनी कष्टानं उभी केली आहे.

मुलांसाठी नैसर्गिक इतिहास संग्रहालयातले डायनोसॉर, नॉर्थ साइडचं चिल्ड्रन्स म्युझियम आणि १८९८ पासूनचं केनीवूड पार्क. तिथला जॅक रॅबिट हा लाकडी रोलरकोस्टर १९२० चा आहे. शनिवारी सकाळी स्ट्रिप डिस्ट्रिक्टच्या बाजारात जा. ताजी मासळी आणि मसाल्यांची दुकानं पाहून जीव सुखावेल.

एक दिवस जास्त असेल तर दीड तासावरचं फॉलिंगवॉटर पाहा. फ्रँक लॉइड राइट यांनी धबधब्यावर बांधलेलं हे घर २०१९ पासून जागतिक वारसा आहे. तिकीट आधी काढा. घरात अगदी लहान मुलांना नेता येत नाही. जवळच ओहायोपाइलचं अरण्य आहे. तिथूनच पिट्सबर्ग ते कंबरलँड हा १५० मैलांचा सायकलमार्ग जातो. मुलगा मोठा झाल्यावर आम्ही दोघांनी त्याचे काही टप्पे केले. आता तो पुढे असतो आणि मी मागे.

तुमचाही वाटा

शेवटी खरेदीविषयी. पेनसिल्व्हेनियात रोजच्या वापराच्या कपड्यांवर विक्रीकर नाही. बाकी बहुतेक वस्तूंवर इथे सात टक्के लागतो. त्यातले सहा राज्याचे, एक आमच्या ॲलेगेनी काउंटीचा. या एका टक्क्यातला अर्धा भाग ग्रंथालयं, उद्यानं आणि संग्रहालयं यांना जातो. २०११ मध्ये ग्रंथालयांना पैसा कमी पडू लागला, तेव्हा शहराच्या मतदारांनी मोठ्या बहुमतानं स्वतःवर जादा कर लावून घेतला. शाळकरी मुलांच्या दहा सेंटांची परंपरा ही अशी चालू आहे.

तेव्हा इथे मनसोक्त खरेदी करा. या आठवड्यात दूरच्या देशातून मूल कडेवर घेऊन आलेली कुणी आई ग्रंथालयाच्या दारात येईल, तेव्हा तिच्या गोष्टींच्या तासात तुमचेही चार पैसे असतील. आणि ती मराठी असेल, तर मंडळाचा फोन तिला आठवड्याच्या आत जाईल, हा आमचा शब्द!