शिकागो पडलं की लातूर का पडतं?

प्रश्न : आमचं सोयाबीन शिकागोला जात नाही, तिथलं इथे येत नाही. तरी मोंढ्यात भाव उतरला की आडते शिकागोकडे बोट दाखवतात. यात तथ्य आहे की ही नुसती पळवाट?
– एक वाचक, लातूर

उत्तर : तथ्य आहे, पण आडते सांगतात तेवढं नाही.

प्लांटमध्ये एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोंच्या आसपास पेंड. या दोन्हींचे किती पैसे होतील, त्यावरून मागे मोजत येऊन प्लांटवाला तुमचा भाव काढतो. दाणा गावातला असला, तरी तेल आणि पेंड थेट जगाशी बांधलेली आहेत. आपण निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो : इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल, अर्जेंटिना-ब्राझीलचं सोयातेल. आपली पेंड घेणारं परदेशी गिऱ्हाईकही आधी अर्जेंटिनाचा भाव विचारतं. हे सौदे करणारे ज्या वायद्याकडे पाहतात, तो १८४८ साली सुरू झालेल्या शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडचा. तिथे सोयाबीनचा भाव बुशेलला, म्हणजे सुमारे २७ किलोंना, बोलला जातो.

पण शिकागो म्हणजे जगाचा भाव, असंही नाही. जगात निर्यात होणाऱ्या सोयाबीनपैकी निम्म्याहून जास्त एकटा चीन उचलतो. जुलै २०१८ मध्ये त्याने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावलं आणि खरेदी ब्राझीलकडे वळवली. शिकागो कोसळलं, तेव्हा ब्राझीलच्या बंदरांत मात्र त्याच दाण्याला वरचढ भाव मिळत होता.

आपल्याकडे या जागतिक भावाचा नळ किती उघडायचा ते दिल्लीत ठरतं. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरला सोयाबीन १०,००० रुपयांवर गेलं. कोंबडीखाद्यवाले ओरडले आणि सरकारने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आणायला परवानगी दिली. पुढे नवा माल आला आणि भाव उतरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सेबीने आपल्याकडचे सोयाबीनचे वायदे थांबवले, मग ही बंदी लांबतच गेली. तेव्हापासून शेतकऱ्याला पुढच्या महिन्यांचा अंदाज देशी बाजारातून मिळेनासा झाला. माझ्या मते शिकागोचं नाव घेऊन गप्प बसवणं त्यामुळेच सोपं झालं.

सप्टेंबर २०२४ मध्ये उलटं झालं. कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयातशुल्क लागलं, तेल महागलं. तरी त्या हंगामात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या खालीच विकलं गेलं. कारण पेंड. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, व्यापारी ज्याला डीडीजीएस म्हणतात, तो खाद्यवाल्यांना पेंडेपेक्षा बराच स्वस्त पडू लागला होता. त्यामुळे सोयाबीनची पेंडही उतरली. ती स्वस्त होण्यात दक्षिण अमेरिकेतल्या भरघोस पिकाचा वाटा होताच. पण इथेनॉलचं धोरण काही शिकागोत ठरलेलं नव्हतं.

तेव्हा पुढच्या खेपेला आडत्याने शिकागोचं नाव काढलं, तर त्याला एवढंच विचारा : आज प्लांटची पेंड काय भावाने जाते आहे, आणि तेलावरचं शुल्क शेवटचं कधी बदललं?