शेवटची गाडी किती वाजता?

चि. सायली हिस,


तुझा बेत वाचला. तू आणि तुझी मैत्रीण, चार दिवस, जवळ गाडी नाही, पैसे बेताचे, आणि यादीत हरिहरेश्वरापासून मालवणपर्यंत अकरा ठिकाणं. दोघी मुलीच जाणार म्हणून तुझ्या बाबांना धास्ती वाटते. मला धास्ती वाटते ती त्या अकरा ठिकाणांची. कोकणात एस.टी.नं फिरायचं असेल तर त्यातली सात आजच खोड. का, ते सांगते.

तू अंतरं नकाशावर मोजली आहेस. आमच्याकडे अंतर खाडी ठरवते. तवसाळच्या किनाऱ्यावर उभी राहिलीस की समोर जयगड दिसतो, पण मध्ये शास्त्रीची खाडी आहे. तिला वळसा घालून रस्त्यानं जायचं तर पार आत शिरून पुन्हा समुद्राकडे यावं लागतं. दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये वाशिष्ठी तशीच आडवी आहे. त्यात एस.टी.च्या फेऱ्यांचा हिशेब वेगळा. गुहागर डेपोची गाडी गावाला गुहागरशी जोडते, दापोली डेपोची दापोलीशी. तहसील कचेरी, कॉलेज, दवाखाना, बाजार, सगळं तालुक्याच्या गावी, म्हणून गाड्याही तिकडेच धावतात. किनाऱ्यावरच्या एका गावातून शेजारच्या किनाऱ्यावर जायची गरज गावकऱ्यांना क्वचित पडते, म्हणून तशा गाड्या कमी. तुझी सगळी यादी मात्र नेमकी त्याच वाटेवरची आहे. वेळापत्रक तिथल्या माणसांच्या दिवसावर बेतलेलं असतं. तुला त्यात आपली जागा शोधायची आहे.

मी नोकरीत असताना दापोली आणि गुहागर तालुक्यांत राहिले, त्यामुळे पुढची वाट मी मनानं सांगू शकते. पहाटे दिव्याला जा आणि सावंतवाडीला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत बस. जनरलचं तिकीट पुरतं, मात्र चढताना हिंमत लागते, म्हणून सामान पाठीवर मावेल इतकंच घ्या. खेडला उतरा. स्टेशन गावापासून बाजूला आहे. रिक्षानं एस.टी. स्टँडवर जा, तिथून दापोलीच्या गाड्या बऱ्यापैकी मिळतात. पहिला मुक्काम दापोलीत करा.

त्या दुपारी वेळ उरला तर मुरुडला जाऊन या. महर्षी कर्वे यांचं बालपण तिथं गेलं. परीक्षेला बसायचं म्हणून ते मुरुडहून घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते आणि वय लहान दिसतं एवढ्या कारणावरून त्यांना बसू दिलं नाही. दापोलीच्या गाडीत खिडकीशी बसलीस की त्या डोंगरांकडे एकदा नीट बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाभोळ. एके काळी हे बहमनी आणि आदिलशाही काळातलं मोठं बंदर होतं, अरबस्तानशी व्यापार करणारं. 1508च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते लुटून जाळलं. खाडीकाठी आदिलशाहीतली दगडी मशीद अजून उभी आहे, ती बघायला तासभर हाताशी ठेव. मग जेट्टीवरून फेरीबोटीनं पलीकडे. मोटारवाले रांगेत तिष्ठत असतात, पायी जाणाऱ्याला फार थांबावं लागत नाही आणि त्याचं तिकीटही अगदी किरकोळ असतं. बोटीतून दिसणारा वीजप्रकल्प एन्रॉनच्या दिवसांत ‘दाभोळ’ नावानं गाजला, पण तो आहे पलीकडच्या तीरावर, वेलदूर-अंजनवेलकडे.

धोपाव्याला उतरल्यावर गुहागरची गाडी लगेच मिळेल असं धरून चालू नकोस. दाभोळला बोटीत चढण्याआधीच जेट्टीवर विचार. गाडीला फार वेळ असेल तर बोटीतल्या दोघा-तिघांना विचारून रिक्षा वाटून घ्या.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. कुठल्याही गावात उतरलीस की देऊळ, समुद्र, चहा यांच्याआधी एक प्रश्न विचारायचा: शेवटची गाडी किती वाजता? फोनवर दिसणाऱ्या वेळा जुन्या असू शकतात. स्टँडवरच्या पाटीवरच्या वेळासुद्धा कित्येक वर्षांपूर्वी रंगवलेल्या असू शकतात. खरं उत्तर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत मिळतं, आणि जिथं खिडकी नाही तिथं थांब्याजवळच्या दुकानात. विचारताना “आज आहे का?” असंच विचार. काही फेऱ्या शाळेसाठी असतात आणि शाळेला सुट्टी लागली की त्या बंद होतात. तुम्ही नाताळच्या सुट्टीत निघणार, म्हणजे नेमका हाच प्रश्न तुम्हाला आडवा येणार. गुहागरला पोचल्यावर संध्याकाळीच डेपोत जाऊन दुसऱ्या दिवशीची हेदवी आणि तवसाळची गाडी विचारून ठेव. आपल्या वाटेचा हाच सर्वांत नाजूक दुवा आहे. तो जुळला नाही तर हट्ट करू नकोस. गुहागरहून चिपळूणला गाड्या भरपूर आहेत, सरळ माझ्याकडे या.

मुक्कामाची गाडी तुला ठाऊक नसेल. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली शेवटची गाडी आडगावी पोचते आणि रात्रभर तिथंच उभी राहते. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात, कुठं देवळाच्या ओसरीवर, कुठं शाळेत, कुठं ग्रामपंचायतीच्या खोलीत. पहाटे तीच गाडी गावाची पहिली गाडी होऊन परत निघते. कॉलेजची मुलं, बाजाराला निघालेल्या मासेवाल्या, सरकारी दवाखान्यात नंबर लावायला निघालेली म्हातारी माणसं, सगळी तिच्यात असतात. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली दहावीनंतर शिकू शकल्या त्या या पहाटेच्या गाडीमुळे. ती बंद झाली तेव्हा ज्या घरात मोटारसायकल नव्हती त्या घरातल्या मुलीचं शिक्षण थांबलेलं मी पाहिलं आहे. म्हणून या गाडीत बसलीस तर एवढं लक्षात ठेव: तुमच्यासाठी ती चार दिवसांची सोय आहे, बाकीच्यांचा तिच्यावर संसार चालतो. पाठपिशवी सीटवर ठेवू नकोस. म्हातारी बाई उभी दिसली तर ऊठ. मासळीची पाटी शेजारी आली तर नाकाला रुमाल लावू नकोस, त्या पाटीवर कुणाच्या तरी घरची चूल पेटते.

भाड्याचं म्हणशील तर मार्च 2023 पासून राज्यात एस.टी.त महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे तुमचा प्रवासखर्च तिथंच निम्मा झाला. एस.टी.चं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यानं मोजतात, त्यामुळे आधी अंदाज बांधता येतो. चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही असतो, पण तो लांब पल्ल्यानं भटकणाऱ्याला परवडतो. तुम्ही दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर जाणार, तुम्हाला सुटी तिकिटंच स्वस्त पडतील. हल्ली कंडक्टरच्या यंत्रावर फोननं पैसे देता येतात, तरी डोंगरात रेंज जाते, म्हणून दहा-वीसच्या नोटा वेगळ्या ठेव.

पैसे वाचवायचे ते इथं, प्रवासात. राहण्या-जेवणात घासाघीस करू नकोस, हे मी तुला बजावून सांगते. गुहागरला आणि मालगुंडला घरगुती सोय मिळते. तिथं बाई पहाटे उठून विहिरीचं पाणी काढते, चुलीवर पाणी तापवते, तुमच्यासाठी घावणे घालते. तिनं सांगितलेला दर मुंबईच्या एका बऱ्या हॉटेलातल्या जेवणाएवढाही नसतो. त्यातले शंभर रुपये कमी करून मिळवलेला स्वस्तपणा मला मान्य नाही. परवडत नसेल तर एक मुक्काम कमी करा. जेवायला येणार असाल तर सकाळीच सांगा. ऐन वेळी मोदक मागू नका. कुळथाची पिठी, भात आणि सोलकढी मिळाली तर ती आवडीनं जेवा, घरातली माणसं रोज तेच जेवतात. प्लॅस्टिकच्या बाटल्या विकत घेत बसू नका, घरून एक मोठी बाटली आणा आणि मुक्कामी भरून घ्या.

तिसऱ्या दिवशी हेदवीचा दशभुज गणपती आणि खाली समुद्राकडची बामणघळ. खडकाच्या भेगेतून भरतीचं पाणी उसळतं ते बघण्यासारखं आहे, पण भरतीच्या वेळी कडेला जायचं नाही. दुरून बघायचं. पुढे तवसाळहून बोटीनं जयगड. किल्ल्यावरून खाडीचं मुख दिसतं आणि हे बंदर इथंच का वसलं ते न सांगता कळतं. मुक्काम गणपतीपुळ्याला न करता अलीकडे मालगुंडला करा. गर्दी कमी, दर कमी, आणि केशवसुतांचं जन्मघर तिथंच आहे. लागून कोकण मराठी साहित्य परिषदेनं उभारलेलं स्मारक आहे. तू मराठी घेऊन बी.ए. करतेस, तिथं घाईनं जाऊ नकोस.

गणपतीपुळ्याला समुद्रात उतरायचं नाही. गुडघाभर पाण्यातही नाही. तिथला उतार आणि ओढ फसवी आहे, दरवर्षी चांगली पोहणारी मुलं जातात. पाटी लावलेली असते आणि लोक तिच्याखाली कपडे ठेवून पाण्यात जातात. या एका बाबतीत मला तुझा शब्द हवा.

चौथ्या दिवशी आरे-वारेमार्गे जाणारी रत्नागिरीची गाडी मिळाली तर उत्तम, समुद्र जवळजवळ सोबत राहतो. निवळीमार्गे गेलात तर लांब पडतं. रत्नागिरीत दोनच ठिकाणं बघा: टिळकांचं जन्मस्थान आणि थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं आणि 1916 मध्ये तो इथंच वारला. तो वाडा बघताना, घरापासून इतक्या लांब तीस वर्षं काढलेल्या माणसाचा विचार तुझ्या मनात येईलच. वाड्यातलं संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं ते आधी विचारून घे.

परतीचं आरक्षण मात्र आजच कर. सुट्टीत कोकणातून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत आयत्या वेळी उभं राहायलाही जागा मिळत नाही. मांडवी एक्सप्रेस किंवा जनशताब्दी, जिच्यात बसायची जागा मिळेल ती घे. मिळाली नाही तर तारीख एक दिवस पुढे-मागे कर, तिकिटाशिवाय निघू नकोस. रत्नागिरी स्टेशन गावापासून बरंच बाहेर आहे, गाडीच्या वेळेआधी तासभर तरी स्टँड सोडा.

आरक्षण झालं की गाडीचं नाव आणि दोघींचे फोन मला कळव. खेड, गुहागर आणि मालगुंड, तिन्ही ठिकाणी पोचल्यावर बाबांना फोन करायचा आहे, ते तू त्यांना आधीच सांग.

तुझी,
आत्या