प्रभाकर कंदिलात यमाईचा डोंगर

माळ्यावर आजोबांचा प्रभाकर कंदील होता, ओगलेवाडीचा. आमच्या औंध संस्थानाचे तेव्हाचे राजे भवानराव स्वतः चित्रकार, पण नांगर करणाऱ्या किर्लोस्करांना 1910 साली त्यांनीच जागा दिली, पुढे ओगल्यांच्या काच कारखान्यालाही. चित्र आणि कारखाना एकाच संस्थानाने सांभाळलेले. म्हणून त्या कंदिलात औंधच्या यमाई देवीचा डोंगर उजळायचा, असं मी ठरवलं. त्यात शिकलो ते असं :

१. सावली हवी तर दिवा एकच. काळ्या कार्डशीटवर यमाईच्या मूळपीठाचा डोंगर, पायऱ्या, देऊळ कोरून तो कागद काचेच्या आत गुंडाळला. भरपूर उजेड पडावा म्हणून चार एलईडी लावले, तर भिंतीवर चार डोंगर एकमेकांत घुसले. तीन काढले. उघडा, बारीक एकच ठेवला, आणि पायरीन् पायरी स्पष्ट उमटली.

२. प्रत्येक रंगाला आपला रेझिस्टर. पायथ्याशी लाल झळाळी हवी होती, म्हणून लाल दिवा पांढऱ्यालाच जोडला, दोघांना मिळून एक रेझिस्टर. लाल पेटला, पांढरा विझला. दोन संध्याकाळी मी सोल्डरचे टाके तपासत बसलो, चूक तिथे नव्हतीच. लाल एलईडी सुमारे 2 व्होल्टवर पेटतो, पांढऱ्याला 3 च्या आसपास लागतात. असे समांतर जोडले की लाल तिथला दाब 2 वरच धरून ठेवतो, पांढऱ्यापर्यंत पुरेसा पोचतच नाही. मोबाइलच्या 5 व्होल्टच्या चार्जरवर दोघांना वेगवेगळे 220 ओहम दिले, आणि दोन्ही लागले. लालची दुसरी सावली पडू नये म्हणून त्याच्यावर बटर पेपर.

३. दिवे जोडायच्या तांब्याच्या चिकटपट्टीचा नुसता चिकटलेला सांधा भरवशाचा धरू नये. सोल्डर मारावाच.

४. जुन्या वस्तूला भोक पाडायचं नाही. मी ड्रिल हातात घेतलं होतं, आईने थांबवलं. बर्नर काढून वायर टाकीत सोडली आणि रॉकेल भरायच्या तोंडातून बाहेर काढली. त्याआधी टाकी साबणाने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवली. रॉकेलचा वास पूर्ण जाईपर्यंत सोल्डरिंगचं काम तिच्याजवळ आणलं नाही.

परवा लाइट गेल्यावर चार्जरऐवजी पॉवर बँक लावली. आईने कंदील कडीला धरून हळूच फिरवला. डोंगर भिंतीवरून सरकत देवघरापाशी आला, तिथे तिने तो थांबवला.