वऱ्हाडातील निष्पर्ण वृक्ष व त्यांचे चित्रण

चित्रकलेच्या तासाला 'आमच्या गावचा देखावा' हा विषय दिला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कागदावर काय उमटणार, हे आम्हास कागद न पाहताही सांगता येते. तीन त्रिकोणी डोंगर, मधल्या खिंडीतून वर येणारा सूर्य, तेथूनच वळणे घेत उतरणारी निळी नदी, काठावर एक झोपडी आणि झोपडीवर कललेला माड. विद्यार्थी अमरावतीचा असो वा अकोल्याचा, मूर्तिजापूरचा असो वा दर्यापूरचा, त्याचा गाव असा कोकणात जाऊन वसतो. ज्याने उभ्या जन्मात माड पाहिला नाही तोही माड बिनचूक काढतो; आणि ज्या बाभळीखाली तो रोज सायकल टेकवितो, ती मात्र त्यास काढता येत नाही.

या दोषात आमचाही वाटा आहे व तो येथे सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी दर्यापूरकडील एका मुलाने याच विषयावर जे चित्र दिले त्यात कागदाचा खालचा भाग काळसर तपकिरी, भेगांनी भरलेला; वर पट्टीने आखल्यासारखे क्षितिज; त्यावर एकच वाकडी बाभूळ; आणि उरलेला सर्व कागद कोरा होता. आम्ही त्यावर 'अपूर्ण' असा शेरा मारून गुण कापले. मुलगा वर्गाबाहेर थांबून म्हणाला, "सर, आमच्या वावराजवळ नदी नाही जी." चित्रात काही शोभा असावी लागते, असे उत्तर आम्ही दिले. त्याने कागदाची घडी केली व तो गेला. पुढील वर्षी त्याने चित्रकलेचा विषयच घेतला नाही. त्यानंतरच्या वैशाखात आम्हास दर्यापूरच्या रस्त्याने जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा मोटारीच्या खिडकीतून तेच चित्र कोसच्या कोस दिसत राहिले. त्या मुलाने काहीही गाळले नव्हते.

तो प्रदेश पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा होय. अमरावती, अकोला व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. तेथे भूगर्भातील पाणी खारट असल्याने विहीर खोदूनही ओलीत होत नाही. पाऊस पडेल त्यावर खरीप, आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर हरभरा. पिके निघाली, तुराट्या-पऱ्हाट्या उचलल्या गेल्या, की रान उघडे पडते. काळ्या चिकण मातीचा धर्म असा की ती भिजली म्हणजे फुगते व वाळली म्हणजे आकसते. म्हणून वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वृक्ष उरतात ते धुऱ्यांवर : बाभूळ, हिवर, कडुनिंब. अशा सपाट रानात उभी रेषा अशी ती एकच. चित्रकारास यात उणेपणा वाटण्याचे कारण नाही. शंभर झाडांच्या गर्दीत एक झाड वाईट निघाले तर खपून जाते. येथे मात्र सबंध चित्राचा भार त्या एका झाडावर असतो.

सर्वच झाडे उन्हाळ्यात सारखी दिसत नाहीत. बाभूळ पाने राखते, परंतु ती इतकी बारीक की तिची सावली चाळणीतून पडल्यासारखी असते. पळस माघ-फाल्गुनात पाने टाकून फुलतो. पिंपळ व कडुनिंब आपली पाने झाडतात ती चैत्रात नवी घालण्यासाठी. मेळघाटात चढले म्हणजे साग व सालई उघडे होतात, आणि खडकाळ उतारावर कांडोळ दिसतो. त्याचे खोड पांढरे व गुळगुळीत असल्याने चांदण्यात तो दचकवितो. ज्यास खोड म्हणजे तपकिरी रंग एवढेच ठाऊक आहे त्याने कांडोळ एकदा अवश्य पाहावा.

पानांचा पडदा गेल्यावर झाडाचा सांगाडा दिसतो, व चित्रकाराचा पहिला धडा तोच आहे. चीन देशात १६७९ साली छापलेली चित्रकलेची एक पाठमाला प्रसिद्ध आहे. तीत शिष्यास प्रथम पाने नसलेली झाडेच काढावयास शिकविले आहे. पाने मागाहून येतात. इटलीच्या लिओनार्दोने आपल्या टिपणवहीत असे नोंदविले की, झाडाच्या कोणत्याही उंचीवरील सर्व फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी बुंध्याएवढी भरते. हा नियम ढोबळ असला तरी पडताळून पाहण्याजोगा आहे. दोरीने बुंध्याचा घेर घ्या. तो फुटतो तेथे दोन्ही फांद्यांचे घेर घ्या. आणि त्यांचे वर्ग करा. बुंधा ५० अंगुळे व एक फांदी ४० अंगुळे असेल, तर दुसरी ३० च्या जवळपास यावी, कारण १६०० व ९०० मिळून २५०० होतात. भूमितीच्या तासातील काटकोन त्रिकोण असा बाभळीवर भेटतो. आमचे विद्यार्थी खालपासून वरपर्यंत एकाच जाडीच्या फांद्या काढतात. त्यांनी ही दोरी एकदा वापरावी.

आपल्या जुन्या चित्रकारांनी हा कोरडा देखावा रंगविला काय, असा प्रश्न सहज उद्भवतो. अजिंठ्याकडे पाहू. त्या लेण्यांचा वऱ्हाडाशी संबंध समजतो त्याहून जवळचा आहे. १६ क्रमांकाचे लेणे कोरविणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री, आणि हरिषेणाच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. १९९८ पर्यंत ते अकोला जिल्ह्यातच मोडत असे. लेण्यांबाहेरचा डोंगर उन्हाळ्यात उघडाबोडका होतो, परंतु भिंतीवर आम्रवृक्ष, केळी व पोफळी पानांनी डवरलेल्या आहेत. कथा राजवाड्यांच्या व उपवनांच्या असल्याने त्यात नवल नाही. आम्हास नवल वाटते ते रंगांचे. तांबडा गेरू, पिवळी माती, खडकात सापडणारी हिरवी माती, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा. एक निळा तेवढा दूरदेशीच्या दगडापासून आणलेला. हिरवे वन रंगविले ते या कोरड्या डोंगरांच्याच मातीने.

छायाचित्राची गोष्ट निराळी आहे. तेथे निष्पर्ण वृक्षास आरंभापासून मान मिळाला, व त्याचे कारण बरेचसे यंत्राच्या अडचणीत होते. कागदावरील छायाचित्राचा एक आद्य संशोधक इंग्लंडातील टॅल्बट. त्याने १८४२-४३ च्या सुमारास हिवाळ्यातील एका उघड्या ओक वृक्षाचे छायाचित्र घेतले. त्या काळी भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागे. तेवढ्यात वाऱ्याने पाने हलली तर त्यांचा नुसता धूर उमटे. उघडी फांदी मात्र स्थिर राही आणि तिची प्रत्येक डहाळी काचेवर किंवा कागदावर नेमकी उतरे.

आपल्या बाजूस हे काम केले रॉबर्ट गिल याने. मद्रासच्या सैन्यातील हा अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करीत होता. विलायतेस प्रदर्शनात ठेवलेल्या त्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ च्या आगीत नष्ट झाल्या. दरम्यान त्याने कॅमेरा हाती घेतला होता. १८६४ मध्ये त्याच्या छायाचित्रांची पुस्तके निघाली, व लोणारची देवळेही त्याने टिपली. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळास आहे. त्या काळची रीत अशी की काचेवर औषधी द्रव लावावा, आणि तो ओला असतानाच चित्र घेऊन धुवावे. वऱ्हाडच्या उन्हात ती काच किती लवकर वाळत असेल याचा विचार विद्यार्थ्यांनीच करावा. गिलची पुष्कळ चित्रे दुहेरी आहेत. दोन डोळ्यांसाठी दोन भिंगांतून घेतलेली ती चित्रे विशिष्ट चष्म्यातून पाहिली म्हणजे खोली दिसते. साध्या चित्रात उघड्या झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंततात. दुहेरी चित्रात पुढची फांदी पुढे व मागची मागे अशी सुटी होते.

त्या जुन्या काचांना निळ्या प्रकाशाचीच ओळख विशेष असे. म्हणून जुन्या चित्रांत आकाश पांढरे फटक व त्यात ढग नाहीत. हिरवी पाने काळपट. आणि केशरी पळस? तो फुललेला असूनही जवळजवळ काळा उमटणार. सर्व रंग जाणणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास विक्रीस आल्या, तेव्हा पळसाची सुटका झाली. जुने छायाचित्र पाहून 'तेव्हा येथे फुले नव्हती' असे अनुमान कोणी काढू नये, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीही ध्यानात ठेवावे.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तरी चूक जुनीच होते. भर दुपारी घेतलेल्या चित्रात सावली बुंध्याशी गोळा होते व रान सपाट दिसते. सकाळी सातच्या आत किंवा सूर्यास्तापूर्वी गेल्यास प्रत्येक भेगेला कड येते. मोबाइल काळ्या मातीस उगाच उजळ करतो व आकाश विटवितो. पडद्यावर आकाशाच्या जागी बोट टेकवून प्रकाश ठरविला तर बाभूळ काळी व रेखीव उमटते. परतवाड्याहून गाविलगडचे डोंगर काढावयाचे असतील, तर वैशाखातील धुळीत ते नाहीसे होतात हे लक्षात घ्यावे. तेथे काहीच न काढणे हेही खरे चित्र आहे. मृगाचा पहिला पाऊस पडून हवा धुतली गेली की तेच डोंगर दुसऱ्या सकाळी जवळ सरकल्यासारखे दिसतात. एकाच जागेवरून ही दोन्ही चित्रे काढून शेजारी ठेवण्यासारखा अभ्यास नाही.

यंदा चित्रकलेच्या स्पर्धेसाठी आम्ही जुना विषय बदलला आहे. प्रत्येकाने आपल्या घरापासून एका कोसाच्या आतील कोणतेही एक झाड, त्याच्यासमोर बसून काढावयाचे आहे. कागदामागे झाडाचे नाव, जागा व वेळ लिहावी. ज्याच्या गावास नदी आहे त्याने नदी खुशाल काढावी. आकाश कोरे ठेवल्याबद्दल गुण कापले जाणार नाहीत.