किटण वाचल्याशिवाय धुवायचं नाही

पोरा, अण्णांची 1210 ट्रकगाडी शेडमधून बाहेर काढून तिचं इंजिन रंगवायचं तुझ्या मनात आलं, याचा मला फार आनंद झाला. पण रंगाचा डबा आज आणू नकोस. आधी टॉर्च घे आणि इंजिनावरचं किटण नीट बघ. इतक्या वर्षांत कुठून काय गळलं, ते सगळं त्याच्यात नोंदलेलं आहे. एकदा धुतलंस की ती नोंद गेली.

कोरडं, धुळीनं जाड झालेलं काळं किटण म्हणजे तेल हळूहळू पाझरत होतं. ओलं आणि चमकणारं असेल, तर गळती चालू आहे. डिझेल पंपाच्या पाइपाखाली एखादा पट्टाच स्वच्छ दिसला तर खूश होऊ नकोस. तिथं डिझेल गळतं, आणि डिझेल किटण धुऊन नेतं. ब्लॉकच्या बाजूला पाण्याच्या भोकांवर पत्र्याच्या गोल चकत्या ठोकलेल्या असतात. त्यांच्याभोवती पांढरी किंवा तांबूस खपली दिसली, तर त्या सडल्या असं समज. तेल खाली उतरतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं मागं जातं. म्हणून खालचा तेलाचा चेंबर ओला दिसला की लगेच चेंबरचं पॅकिंग बदलायला धावायचं नाही. ओल खालून वरच्या दिशेनं शोधत जायची. सगळ्यात वरची ओली जागा सापडली, की तीच खरी. बरेचदा ती टॅपेट कव्हरची निघते. प्रत्येक जागेचा फोटो काढून ठेव.

हे 697 इंजिन आहे. सहा सिलिंडर, 97 मिलिमीटरचं बोअर, नावातच सगळं आलं. ही गाडी बनवणाऱ्या टेल्कोनं 1954 साली जर्मनीच्या डेमलर-बेन्झशी करार केला आणि 1969 पर्यंत आपल्या ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजची चांदणी होती. करार संपला तरी त्या घराण्याची जाड बिडाची घडण राहिली. म्हणून ब्लॉकची काळजी करू नकोस, तो घासणं सोसतो. जपायचं ते पंपाला.

धुण्याआधी बॅटरी सोड. हवेचं तोंड, सायलेन्सरचं तोंड, ब्रीदर, डिपस्टिकची नळी, सगळं प्लास्टिक आणि चिंध्यांनी घट्ट बांध. पंप आणि डायनामो वेगळे झाक. जाड थर लाकडी पट्टीनं किंवा पत्र्याच्या बोथट खरवडणीनं काढ, मग डिझेलमध्ये बुडवलेला ब्रश. पेट्रोल अजिबात नको. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि ठिणगी कुठून येईल सांगता येत नाही. कॉस्टिकचं पाणीही ब्लॉकपुरतंच, कारण पंपाची बॉडी अॅल्युमिनियमची आहे आणि कॉस्टिक ती खातं. इंजिन गरम असताना पाणी मारू नकोस, आणि पंपावर जोराचा फवारा तर कधीच नको. वाळूचा मारा करून देतो म्हणणारे भेटतील. इंजिन खोललेलं नसताना त्यांना हात लावू देऊ नकोस, एक कण आत गेला तरी बेअरिंग खातो. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचं जुनं पॅकिंग अॅस्बेस्टॉसचं असू शकतं. ते कोरडं घासायचं नाही, हवेनं उडवायचं नाही, ओलं करून अलगद काढायचं. निघालेलं काळं तेल ओढ्यात ओतू नकोस, डब्यात साठवून जुनं तेल घेणाऱ्याला दे.

गळत्या काढल्याशिवाय पुढचं काही नाही. हा भाग कंटाळवाणा आहे, आणि नव्वद टक्के लोक इथंच घाई करतात. गळक्या इंजिनावर चढवलेला रंग पोपडा धरून निघतो, आणि विकत घेणारा फसतो तो वेगळाच.

गंज तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं काढ. डिझेलचा पातळ थर डोळ्यांना दिसत नाही, पण रंगाला कळतो. साबणाच्या पाण्यानं धू, पूर्ण वाळव, मग थिनरच्या स्वच्छ फडक्यानं पूस. फडकं पांढरं राहील तेव्हा थांब. काम पावसाळ्यात नको. हवेतल्या ओलीनं रंगावर धूसर पांढरट झाक येते. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम.

ब्लॉकला रेड ऑक्साइडचा पातळ हात, त्यावर ऑइल पेंटचे दोन पातळ हात. जाड फासू नकोस, लांबी तर भरूच नकोस. मॅनिफोल्ड शेकडो अंशांनी तापतो, त्याला उष्णता सोसणारा वेगळा रंग लागतो. इंजिन नंबर ठोकलेल्या जागेवर आणि प्लेटवर ग्रीस चोपड, म्हणजे तिथला रंग पुसून निघेल. पासिंगला तो नंबर आरसी बुकाशी ताडून बघतात. पट्टे, रबरी पाइप, पंपाचे हलणारे सांधे आणि अर्थिंगची तार जिथं कसली आहे ती जागा, यांना रंग लागू द्यायचा नाही. मूळ रंग हवा असेल तर प्लेटच्या मागं बघ, तिथं कारखान्याचा रंग टिकलेला असतो. नाहीतर फिकट राखाडी घे. काळ्यावर नवं तेल लपतं, राखाडीवर थेंबही दिसतो.

इतकी वर्षं उभं असलेलं इंजिन थेट सेल्फ मारून फिरवू नकोस. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोड, एक-दोन दिवस मुरू दे, मग पान्यानं हातानं फिरव. अडलं तर जोर करू नकोस, मला फोन कर. सुरू झालं की पहिल्यांदा रंगाचा वास आणि थोडा धूर येईल, घाबरू नकोस. गार झाल्यावर फोटो काढलेल्या त्याच जागांवर पांढरं फडकं फिरव.