खाणीची धूळ आणि मुलांचे आरोग्य

आफ्रिकेतील झांबिया देशात काब्वे नावाचे शहर आहे. ब्रिटिश अंमलात त्यास ब्रोकन हिल म्हणत. तेथे १९०२ साली शिसे व जस्त यांचे साठे सापडले आणि ब्रिटिश भांडवलाच्या कंपनीने खाण सुरू केली. पुढे ती सरकारी मालकीची झाली व १९९४ साली बंद पडली. धूळ मात्र राहिली. शिसे शेणकाडीप्रमाणे कुजत नाही. भट्टीच्या धुराड्यातून पडलेले व उघड्या ढिगाऱ्यांवरून वाऱ्याने उडालेले शिसे कासांडा, चोवा, माकुलुलू या वस्त्यांच्या अंगणांत अद्याप आहे. तेथे मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्यांच्या काळजातही ते आढळले.

या धुळीचा पहिला बळी म्हणजे रांगते मूल. ते मातीत खेळते व तोच हात तोंडात घालते. पोटात गेलेले शिसे प्रौढापेक्षा लहान मुलाच्या शरीरात चार ते पाच पट अधिक शोषले जाते; आहारात लोह व कॅल्शियम अपुरे असल्यास त्याहूनही अधिक. त्यामुळे रक्तक्षय व पोटदुखी होते आणि बुद्धीची वाढ खुंटते. ही शेवटची हानी भरून येत नाही. मूल वरकरणी धडधाकट दिसते, म्हणून आईबाप गाफील राहतात. रक्ततपासणीवाचून खरी स्थिती कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनेनुसार १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम शिसे आढळताच त्याचे मूळ शोधावे. मुलांत ४५ पासून औषधोपचार करावा. काब्वेत ४५ ची मर्यादा ओलांडलेली मुले पुष्कळ सापडली.

औषध घेऊन मूल त्याच अंगणात परतले, तर शिसे पुन्हा चढते. म्हणून प्रथम अंगण सुधारावे. दूषित मातीवर स्वच्छ मातीचा थर देऊन गवत लावावे. कोरडा झाडू न मारता पाणी शिंपडून केर काढावा. जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत, कंदभाज्या धुऊन सोलाव्यात. पाणी उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही, हे ग्रामसेवकाने घरोघर सांगावे. या बाबतीत गैरसमज फार. खाणकामगाराने कामाचे कपडे घरात आणू नयेत.

काब्वेतील सफाईसाठी झांबिया सरकारला जागतिक बँकेकडून कर्ज काढावे लागले. खाणीच्या पहिल्या नफ्याचे धनी तोवर केव्हाच परतले होते.