सिरियल तार नेटवर्कवर नेताना

सिरियल पोर्टशी बोलणारे जुने सॉफ्टवेअर लॅनवरून चालवायचे, तर यंत्रापाशी सिरियल डिव्हाइस सर्व्हर नावाची छोटी पेटी बसवावी लागते. तिच्या एका बाजूला यंत्राची आरएस-२३२ तार, दुसऱ्या बाजूला इथरनेट. संगणकावर ड्रायव्हर एक आभासी कॉम पोर्ट उभा करतो आणि सॉफ्टवेअरला काही बदलल्याचा पत्ताच लागत नाही. आरएस-२३२ची तार साधारण १५ मीटरपर्यंत भरवशाची, इथरनेटची १००. त्यामुळे हा मार्ग सोयीचा वाटतो.

फसगत होते ती वेळेच्या बाबतीत. ९६०० बॉडला एक अक्षर सुमारे एका मिलिसेकंदात जाते आणि तारेवर अक्षरामागून अक्षर त्याच चालीने येते. टीसीपी बाइट आणि त्यांचा क्रम जपते. मधली शांतता जपत नाही, संदेश कुठे संपला हेही सांगत नाही. मॉडबस आरटीयूमध्ये तर साडेतीन अक्षरांइतकी शांतता हीच संदेश संपल्याची खूण असते.

एका वजनकाट्यावर हे महागात पडले. इंडिकेटर ‘०१८४५०’ पाठवी, पण कधीकधी पहिल्या पॅकेटात ‘०१८४’ एवढेच येई. हाती येईल तो पूर्ण आकडा, असे सॉफ्टवेअर धरून चाले. साडेअठरा टनांची भरलेली गाडी १८४ किलोंची ठरे. थेट तारेवर हा दोष कधी उघडा पडला नव्हता, म्हणून आधी तार, मग पेटी, मग काटा असे सगळे निर्दोष घटक बदलून झाले. खरा उपाय सॉफ्टवेअरमध्येच होता: शेवटची खूण येईपर्यंत बाइट साठवायचे, मगच आकडा वाचायचा. तो बदल हाती नसेल, तर ओळ पूर्ण झाल्यावरच पॅकेट पाठवण्याची सेटिंग पेटीत असते. तिने त्रास घटतो, खात्री मिळत नाही.

दोन्ही टोकांची पद्धत एकच हवी. नुसत्या टीसीपीत संगणकावर निवडलेला बॉडदर पेटीपर्यंत पोहोचत नाही. तो पेटीतच ठरवावा लागतो. १९९७च्या आरएफसी २२१७ पद्धतीत तो टेलनेटवरून पोहोचतो, पण टेलनेटला २५५ हा बाइट आज्ञेची सुरुवात वाटतो.

मधला स्विच अचानक बंद पडला, की पेटीच्या लेखी जुनी जोडणी चालूच राहते आणि नवी नाकारली जाते. कीपअलाइव्हची मुदत अनेक प्रणालींत मुळात दोन तासांची असते. ती मिनिटावर आणावी. पेटीचा आयपी पत्ता कायम ठेवावा, आणि तिला इंटरनेटवर उघडे तर मुळीच सोडू नये: पलीकडच्या यंत्राला पासवर्ड ठाऊक नसतो.

यंत्र जोडण्यापूर्वी पेटीच्या नऊ पिनांच्या पोर्टातील पाठवण्याची आणि घेण्याची, म्हणजे २ व ३ क्रमांकाची पिन एकमेकींना जोडावी आणि ० ते २५५ सगळे बाइट पाठवून पाहावेत. २५५ हरवला तर टेलनेटचा घोळ. १७ आणि १९ हरवले तर कुठेतरी एक्सऑन-एक्सऑफ चालू राहिले आहे.